चंद्रावरचं उखळ

दामूअण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी जव्हारच्या शाळेत मुलांच्या पाट्या तपासत होतो. शिपाई दारात येऊन म्हणाला, "अण्णा गेले." मी उरलेल्या चार पाट्या तपासल्या आणि मग उठलो. रडू आलं नाही, नुसता थकवा आला... महिना उलटून गेला, तो अजून उतरलेला नाही.

अण्णा गणित शिकवायचे, मी इंग्रजी. कोणा साहेबानं बदली होऊन जाताना विकलेली एक पितळी दुर्बीण त्यांच्याकडे होती. दिवेलागण झाली की ती अंगणात मांडायची आणि चंद्र पाहत बसायचं. चंद्राच्या दक्षिणेकडच्या एका वाटोळ्या खड्ड्यावर त्यांचा भारी जीव. त्या खड्ड्यापासून पांढरे पट्टे चहूकडे लांबवर गेलेले दिसतात. पुस्तकात लिहिलेलं, असले खड्डे म्हणजे विझलेले ज्वालामुखी. अण्णांना ते पटायचं नाही, पण दुसरं काही सुचायचंही नाही. मी म्हणायचो, "अण्णा, तिथं शाळा निघाली तर तुमची बदली नक्की."

सूर्यमाळची जानकीबाई त्यांच्याकडे कांडपाला यायची. एका संध्याकाळी पिठासाठी तांदूळ कुटता कुटता तिनं मुसळ भिंतीला टेकवलं. "मास्तर, माला बी दाखव नं." नळीला डोळा लावून ती बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यो त उखळ हाय! वरून मुसळ पडला दणक्यान, न् पीठ उडाला चौफेर."

मी हसलो. अण्णा हसले नाहीत. ते उखळापाशी उकिडवे बसले आणि भोवती उडालेलं पीठ बघत राहिले. "आतून फुटलेलं नाही हो," ते म्हणाले, "वरून आदळलंय काहीतरी."

विलायतेतल्या विद्वानांच्या एका मंडळाला हे कळवायचं त्यांनी ठरवलं. पत्र इंग्रजीत लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी ते झोकात लिहिलं, फक्त जानकीबाई आणि तिचं उखळ गाळलं. आपलं हसं होईल, ही भीती. अण्णांनी कागद दोनदा वाचला. "तीच नसेल तर ह्यात माझं काय आहे?" म्हणाले, आणि सही न करता परत दिला. "नीट लिहून द्या. घाई नाही." मी हो म्हटलं, आणि सहा वर्षं हो म्हणतच राहिलो. पुढे पुढे त्यांनी विचारायचंच सोडलं, ते मला जास्त लागतं. तो आळस नव्हता. मला उखळाची लाज वाटत होती, आणि आता त्या लाजेची लाज वाटते.

तेराव्यानंतर अण्णांच्या घरी वहिनींना भेटायला गेलो तर अंगणात जानकीबाई बसलेली. सूर्यमाळहून नागली घेऊन चालत आली होती. उखळ रिकामं, मुसळ तिथंच भिंतीला टेकलेलं. मला पाहून तिनं विचारलं, "मास्तर सांगायचा, तुजा नाव कागदात घालीन. घातला का?"

"घातलं," मी म्हणालो.

"बरा झाला," म्हणून तिनं नागली वहिनींच्या सुपात ओतली आणि वाटेला लागली.

घरी येऊन पत्र काढलं. सहीची जागा कोरीच. नव्यानं इंग्रजी लिहायचं बळ आता माझ्यात नाही, आणि सही करणाराही उरला नाही... म्हणून त्याच कागदाच्या पाठीवर हे मराठीत लिहिलं आहे. चंद्रावरचा तो खड्डा वरून काहीतरी आदळून झाला, हे आमच्या जव्हारात पहिल्यांदा सांगितलं ते सूर्यमाळच्या जानकीबाईनं. अण्णांनी ते त्याच संध्याकाळी मानलं होतं.

आता घातलं, बाई.