काल कोणाचा हात लागला?

नजीरभाई गेल्याचं मला त्यांच्या मुलीच्या फोनवरून कळलं, तेही दफन होऊन दोन दिवसांनी. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ उगाच ओटा पुसत राहिले...

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस भिवंडीजवळच्या दापोड्याच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी कम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले. वडिलांचे लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद पडलेले, घर माझ्या पगारावर. नजीरभाई माझे वरिष्ठ. भिवंडीतल्या कोकणी मुसलमान घरातले, निम्मं आयुष्य लूम दुरुस्त करण्यात गेलेलं. चाळिशीत कम्प्युटरच्या क्लासला गेले, तेव्हा पोरं त्यांनाच मास्तर समजून उभी राहायची, हे स्वतःच हसत सांगायचे.

सगळ्या बिल्ट्या, म्हणजे ट्रकमधल्या मालाच्या पावत्या, एका सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये जात. सर्व्हरवर किती ताण आहे हे सतत दाखवणारा एक प्रोग्राम होता. मुंबई ऑफिसची मंडळी त्याच आकड्यांवरून दुखणं ओळखत. एकदा डिस्क भरत आली म्हणून मी विचित्र नावांच्या चार फायली उडवून टाकल्या. ओळखीचं नाही ते भंगारात, ही आमच्या घरची सवय! दुसऱ्या दिवसापासून त्या प्रोग्रामवर आकड्यांऐवजी नुसते एरर. नेमक्या त्याच आठवड्यात बिल्ट्या अडकू लागल्या, ट्रक फाटकावर खोळंबले आणि कारण कळायची सोय नाही. मुंबईचा इंजिनिअर म्हणाला, सर्व्हर बदला. मॅनेजर देसाईसाहेब म्हणाले, कोणीतरी उद्योग केलाय, सापडला की काढतो. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

नजीरभाईंनी आधी सर्व्हरला हातच लावला नाही. एररची ओळन्‌ओळ वाचली आणि माझ्याजवळ खुर्ची ओढली. "चालता लूम एकदम थांबला ना बेटा, तर लूमला शिव्या द्यायच्या न्हाय. आधी विचारायचं, काल कोनाचा हात लागला? मारायला न्हाय, दुरुस्त करायला."

मी रडतच सगळं सांगितलं. त्यांनी मूळ सीडीवरून हरवलेल्या फायली जागेवर ठेवल्या, सर्व्हर पुन्हा सुरू केला, आकडे हलू लागले. त्यावरून अडकलेल्या बिल्ट्यांचं कारणही सापडलं: मुंबई ऑफिस भर कामाच्या वेळी मोठमोठे रिपोर्ट काढत होतं. मग म्हणाले, "आता साहेबांना तूच सांग. माज्या तोंडून गेलं तर चुगली होईल."

सांगितलं. साहेब भडकले, पण नोकरी राहिली. मला वाटलं, देवच पावला. त्या नोकरीवर बहीण शिकली, आणि एरर वाचायची जी नजर नजीरभाईंनी दिली तिच्यावर मी आजवर जेवते आहे. हे त्यांना कधी नीट बोलून दाखवलं नाही, याची चुटपुट आहे.

मागच्या आठवड्यात त्यांच्या घरी भेटायला गेले, तर देसाईसाहेब बसलेले, पार थकलेले. म्हणाले, "तुला ठाऊक नसेल. त्या दिवशी तुझ्याआधी नजीर केबिनमध्ये येऊन गेला होता. म्हणाला, ज्याची चूक आहे ते माणूस तासाभरात स्वतः येईल. आलं तर ठेवा. नाही आलं, तर त्याच्या जागी मला काढा."

तासाभरात... आणि मी त्यातला पाऊण तास केबिनच्या दाराबाहेर घुटमळत उभी होते. नजीरभाई समोरच्या बाकावर पेपर वाचत बसले होते. एकदाही 'आत जा' म्हणाले नाहीत.