गुरूच्या चंद्रावरचा पाहुणा

नोकरीला लागेपर्यंत मी आकाश पाहिलंच नव्हतं. पुस्तकातलं माहीत होतं, बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र होतं. पण वडील विजेच्या केंद्रात फिटर, लहानपण अशाच केंद्रांच्या वसाहतींत गेलं आणि कॉलेजची वर्षं ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये. आमच्या दारातून दिसायचे ते उंच चिमण्यांवरचे लाल दिवे. धाकट्या भावाला जेवू घालताना आई त्यातलाच एक दिवा तारा म्हणून दाखवायची. त्यामुळे सत्त्याऐंशी साली मूलजवळच्या एका खेड्यात शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि पाऊस ओसरल्यावर एका संध्याकाळी सहज अंगणात आले, तर वर बघून मी तिथल्या तिथे ओट्यावर बसले. एवढं सगळं डोक्यावर होतं आणि इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

मला खोली मिळाली होती गावाच्या टोकाला, बौद्धपुऱ्यात, एका मावशींकडे. मावशी एकट्याच राहायच्या. रोवणी, निंदण, कापणी, जे काम निघेल त्याला जायच्या. मला ओट्यावर बसलेली बघून त्या बाहेर आल्या.

"काऊन बसल्या इथी? चक्कर आली काय?"

"नाही मावशी, तारे बघते आहे."

त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "थे तर रोजच रायतेत," म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी नागपूरहून चष्म्याचं एक कमी नंबरचं भिंग आणलं. वडिलांनी पुठ्ठ्याची लांब नळी करून दिली आणि डोळ्याशी घड्याळवाल्याचं भिंग बसवलं. बाहेरून ती दुर्बीण अगदी चुलीवर फुंकायच्या फुंकणीसारखी दिसायची, पण चंद्रावरचे खड्डे तिच्यातून स्वच्छ दिसत. आणि त्या वर्षी दिवाळीनंतर दिवेलागणीलाच पूर्वेकडे गुरू वर आलेला असायचा, मोठा, पिवळसर, न लुकलुकणारा. मी ती नळी खिडकीच्या गजाला बांधली आणि गुरूवर धरली. मधे एक छोटी वाटोळी टिकली आणि तिच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत चार बारीक ठिपके. पुस्तकात शंभरदा पाहिलेलं चित्र. तरी मी डोळा काढून पुन्हा लावला.

मी मावशींना बोलावलं. आधी त्यांना काहीच दिसेना, मग त्या गजाला धरून आणखी वाकल्या.

"थे बाजूचे चार कोन?"

"गुरूचे चंद्र. त्याच्याभोवती फिरतात."

दुसऱ्या दिवशी त्या कामावरून आल्या त्या सरळ खिडकीशी. काल दोन इकडे आणि दोन तिकडे होते, आज तीन एका बाजूला. "बाई, हे खरंच फिरून राह्यले," त्या म्हणाल्या, आणि शेजारणीला हाक मारली. पंधरवड्यात गावातली बरीच माणसं येऊन गेली. वरच्या आळीतली माणसंही यायची. ओट्यावर चढायला ती थोडी घुटमळायची, पण यायची. पोरं मला शाळेत "दुर्बीणवाल्या बाई" म्हणू लागली.

सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच असायचा: तिकडे कोणी राहते का? मी खरं सांगायची, की माहीत नाही, अजून कोणाला सापडलं नाही. पण त्या चार चंद्रांपैकी एकाचे फोटो मी मासिकात पाहिले होते. तो सगळा बर्फाने झाकलेला, उकडलेल्या अंड्याच्या कवचाला तडे जावेत तसा. त्या बर्फाखाली पाणी असावं, असं काही शास्त्रज्ञांना वाटत होतं. हे मी मावशींना सांगितलं.

"पानी आहे म्हंता, मंग मासोळी असनच," मावशी म्हणाल्या.

"तसं नाही सांगता येत, मावशी."

"आपल्या तलावात कोनी आनून टाकली? पानी भरलं का दिसतेच."

मी त्यांना मासोळीच्या अंड्यांचं, ओढ्याच्या पाण्याचं सांगायला लागले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मंग तिकडंबी असाच एखांदा ओढा असन."

डिसेंबरात धानाची मळणी सुरू झाली आणि गावात नाटकाचे वेध लागले. आमच्या झाडीपट्टीत शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, असल्या की त्या गावात नाटक पाहिजेच. घरोघरी पाहुणे येतात, दिवसा पट बघतात आणि रात्री शामियान्यात नाटक. गावच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष एक मोठे धानवाले शेतकरी होते. आम्ही त्यांना अध्यक्षभाऊ म्हणायचो. दरवर्षी ते स्वतः राजा किंवा पाटील व्हायचे. त्या वर्षी त्यांची पंचाईत झाली होती. त्यांना नाटक लिहून देणाऱ्या ब्रह्मपुरीकडच्या लेखकाने नवं नाटक शेजारच्या गावाला देऊन टाकलं होतं.

ते आणि कलाकारभाऊ शाळेत आले. कलाकारभाऊ म्हणजे गावचे विनोदी नट. उंच, काटकुळे, मूलच्या भाताच्या गिरणीत कामाला. रोज सायकलीने जायचे आणि अंगावर कोंड्याची पांढरी भुकटी घेऊन परत यायचे.

"बाई, तुमी लिवा यंदा," अध्यक्षभाऊ म्हणाले.

मी म्हटलं, "मी कधी नाटक लिहिलं नाही. मला ताऱ्यांशिवाय काही येत नाही."

"मंग ताऱ्यायचंच लिवा," कलाकारभाऊ म्हणाले. "शेजारच्या गावाले तसं नाई जमनार."

शेजारच्या गावाचं नाव निघाल्यावर अध्यक्षभाऊंचा निर्णय झाला.

मी आठ दिवसांत एक अंक लिहिला. गुरूच्या बर्फाच्या चंद्रावरून एक प्रवासी आपल्या गावात उतरतो. तो शुद्ध पुस्तकी मराठीत बोलतो, गावकऱ्यांना मोठमोठी यंत्रं दाखवतो आणि अंधश्रद्धा सोडा म्हणून उपदेश करतो. मला तो अंक फार आवडला होता. शाळेच्या व्हरांड्यात वाचन झालं तेव्हा दुसरं पान येईपर्यंत तबलजी पेंगायला लागला.

वाचन संपल्यावर कलाकारभाऊ डोकं खाजवत म्हणाले, "बाई, राग नका मानू. हा पाहुना आहे का इन्स्पेक्टर?"

सगळे हसले. मलाही हसू आलं, कारण महिन्यापूर्वीच शाळा तपासायला आलेले साहेब अगदी तसेच बोलले होते.

"आपल्या गावात असा कोनी उतरला तर आपन त्याले पयले काय इचारू?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "जेवला काय गा? आन् थो काय पाहीन? थो बर्फाखालून आला ना? मंग त्याले आभाय ठाऊक नाई. त्यानं जल्मात तारा पायला नाई."

मी इतके दिवस त्या चंद्राविषयी वाचत होते, सांगत होते, पण ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. बर्फाच्या छताखाली जन्मलेल्याला वर काही आहे हेच कळणार नाही. त्या रात्री मी पहिला अंक फाडला आणि नवा लिहायला घेतला. आता पाहुणा आमच्या बोलीत बोलू लागला, अडखळत, चुकत. तो वर बघून घाबरतो, "तुमच्या छताले इतके भोकं कायचे?" म्हणतो, आणि गावकरी त्याला एकेक तारा दाखवतात. नावं माझ्या पुस्तकातली नव्हती, तालमीला बसलेल्यांनीच भराभर सांगितली होती. मृगाला तिफन, म्हणजे पेरणीचं अवजार, सप्तर्षींना म्हातारीची बाज आणि तिच्यामागचे तीन चोर.

वाद झाला तो जेवणावरून. मी लिहिलं होतं की पाहुणा गावातल्या प्रत्येक घरी जेवतो. वरची आळी, खालची आळी, बौद्धपुरा, सगळीकडे. अध्यक्षभाऊंनी तेवढ्या पानावर बोट ठेवलं.

"पाहुना पाटलाच्या घरी जेवन. एवढंच ठेवा."

"का बरं?"

"नाटक लांबते बाई," ते म्हणाले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

लांबण्याचा प्रश्न नव्हता हे तिथे बसलेल्या सगळ्यांना कळत होतं. मी नवी होते, बाईमाणूस होते, आणि त्याच बौद्धपुऱ्यात राहत होते. मी ते पान काढून घेतलं. घरी मावशींना सांगितलं तर त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "थ्या दुसऱ्या चांदावर अशा आळ्या असन का हो बाई?" मी म्हटलं, मासोळ्या असल्या तर नसतील. त्यावर आम्ही दोघी पुष्कळ हसलो.

जानेवारीत पट भरला. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांनी गाव दुमदुमलं आणि संध्याकाळी शामियाना चार गावच्या माणसांनी भरला. पाहुण्याचा पोशाख म्हणजे मावशींची पांढरी मच्छरदाणी, तिला जागोजागी चमकी लावलेली. चेहऱ्याला कलाकारभाऊंनी नेहमीची पावडर लावली नाही, गिरणीतून आल्यावर तोंडच धुतलं नाही. मी विंगेत नाटकाचं पुस्तक हातात धरून उभी होते, कोणी अडलं तर वाक्य सांगायला.

पहिल्याच प्रवेशाला मच्छरदाणी खिळ्यात अडकली. कलाकारभाऊ थांबले, मागे वळून खिळ्याकडे पाहून म्हणाले, "पोहोचलो नाई का लगेच पकडलं." तिथून प्रेक्षक त्यांचे झाले. छताच्या भोकांवर हशा झाला, पण तारे दाखवायचा प्रवेश आला तेव्हा हसणं हळूहळू थांबलं. शामियाना बाजूंनीच बंद होता, वरून उघडा. पाहुण्याने वर बोट केलं की लोकही वर बघायचे. हजारेक माणसं माना वर करून आपलीच तिफन बघत होती.

मग जेवणाचा प्रवेश आला. अध्यक्षभाऊ, म्हणजे पाटील, म्हणाले, "चाला पाहुने, आमच्या घरी जेवाले." पुस्तकात यानंतर पाहुणा हात जोडून त्यांच्यामागे जातो. पण कलाकारभाऊ जागचे हलले नाहीत.

"येतो," ते म्हणाले. "पन भूक आत्ताच लागली जी."

आणि ते रंगमंचावरून खाली उतरले. मी विंगेतून पुढचं वाक्य दोनदा सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. मच्छरदाणी सावरत ते बायकांच्या बाजूला गेले आणि अगदी कडेला बसलेल्या मावशींसमोर उकिडवे बसले. मावशींच्या ओच्यात मुरमुरे-फुटाणे होते.

"माय, थोडेसे देतं काय? लय दुरून आलो."

मावशींना नाटक कळलं की माणूस कळला कोण जाणे. त्यांनी मूठभर मुरमुरे त्यांच्या ओंजळीत टाकले, मग थोडं थांबून आणखी एक मूठ. कलाकारभाऊ खात खात वर आले आणि उरलेली ओंजळ त्यांनी पाटलांपुढे धरली.

"घ्या पाटील. तुमच्या गावचं आहे."

अध्यक्षभाऊ त्या ओंजळीकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळलं होतं. मग त्यांनी चिमूटभर नव्हे, चांगले मूठभर मुरमुरे उचलले आणि तोंडात टाकले. बौद्धपुऱ्याच्या बाजूने कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळीकडूनच वाजल्या. अध्यक्षभाऊंनी खाऊन होईपर्यंत वाट पाहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मीठ कमी आहे." हे वाक्य माझं नव्हतं. त्या रात्री सगळ्यात मोठा हशा त्यालाच आला.

नाटक संपल्यावर मला वाटलं दोघांचं भांडण होणार. अध्यक्षभाऊ पोशाख उतरवत होते. कलाकारभाऊ त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "भाऊ, चुकलं असन तर सांगा."

"आधी सांगाचं होतं," अध्यक्षभाऊ म्हणाले. "मी तयारीनं खाल्लं असतं." एवढंच. पुढे गावात फार काही बदललं असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून मावशींकडे पटाच्या पाहुण्यांसाठी केलेले अनरसे आले, वाटी झाकून. मावशींनी वाटी रिकामी परत पाठवली नाही.

त्या हंगामात आसपासच्या तीन गावांनी ते नाटक मागून नेलं. माझी बदली पुढच्या वर्षी ब्रह्मपुरीकडे झाली. कलाकारभाऊंनी गिरणीतल्या कामातून वेळ काढत ते नाटक चालू ठेवलं, आणि ते ज्या गावी गेलं तिथे थोडं बदलत गेलं. दोन वर्षांनी वैनगंगेच्या काठच्या एका गावी मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, मी माझ्या नवऱ्याबरोबर गेले तर तिथे तेच नाटक लागलेलं. पाहुण्याला आता नागपूरहून आणलेली एक नायिका होती, दोन गाणी होती, काळा गॉगल होता आणि एक खलनायकही होता. शिवाय तो आता मंगळावरून येत होता.

मी मागे जाऊन कलाकारभाऊंना भेटले. ते चेहरा रंगवत होते. मला बघून घाईघाईने उठले.

"मंगळावर बर्फाचं छत नाही हो भाऊ," मी म्हटलं. "गुरू काऊन काढला?"

त्यांनी कान पकडले. "काय करू बाई, गुरू म्हटलं का लोकायले शाळेतले गुरुजी वाटते. एका गावात म्हाताऱ्यानं इचारलं, गुरुजीले चार चांद कायचे?"

मला हसू आवरेना. नवरा विचारत राहिला की झालं काय. तेवढ्यात तिसरी घंटा झाली आणि त्याला पुरुषांच्या बाजूला पाठवून मी पळत जाऊन बायकांच्या बाजूला, अगदी पुढे, सतरंजीवर जागा धरली.