सैपाकाची ताडपत्री

सदाशिवराव मुकादम माणूस कसा होता असं कोणी विचारलं, तं मी आधी बाजूले जाऊन थुंकून येतो, मंग सांगतो. बाभुळगावाकडचा होता. अंगानं आडवा, मिशा पिळलेल्या, डोक्यावर पांढरा फेटा अन् गळ्यात शिट्टी. ती शिट्टी सरकारनं देल्ली नव्हती, त्यानं स्वतः बाजारातून आणलती. मोजणी खात्यात त्याची बारा वर्षं गेली, पण एक खुंटी त्यानं ठोकली असन तं माझं नाव उकंडा नाही. साहेब आला की कमरेत वाकायचा अन् साहेबाची पाठ फिरली की आमच्यावर शिट्टी फुंकायचा. एवढीच त्याची नोकरी.

सन त्रेसष्टची गोष्ट. उमरखेडच्या खाली पैनगंगेच्या काठानं कालव्याची मोजणी चालू होती. आम्ही बारा खलाशी. खलाशी म्हणजे दर्यातले नाही हो, मोजणीच्या कॅम्पावरचे. दिवसभर साखळी ओढायची, झेंडे धरायचे. आठ-दहा दिवसांनी कॅम्प हलला की ताडपत्र्या सोडायच्या, बैलबंडीवर लादायच्या अन् पुढच्या मुक्कामाले पुन्हा उभ्या करायच्या. तंबू एकट्या साहेबाले, तोही मुक्कामाले आला तं, बाकी साऱ्यायले ताडपत्री.

ते काम मले येत होतं. बढाई नाही मारत, येत होतं म्हणून सांगतो. छप्पन सालानंतर आम्ही बौद्ध झालो अन् गावची मेलेली ढोरं ओढणं सोडलं. गावानं मंग आमाले निंदणा-वखरणाले बोलावणंच सोडलं. मी पांढरकवड्याले गेलो, हैदराबादच्या सडकेवर, ट्रकच्या अड्ड्यावर. तिथं हरिसिंग नावाच्या डायवरनं माझ्या हातात दाभण देल्लं. शिव्या देऊन देऊन शिकवलं त्यानं, पण शिकवलं. कडी तुटली तं कापडात गोल गोटा घालायचा अन् बाहेरून दोरीचा फास आवळायचा, मंग बैल ओढून पाहा, सुटत नाही. कापड मधात लोंबत असन तं आतून पट्टी शिवून त्याले वर ताणायचं. वाऱ्याकडचं अंग खाली, दुसरं वर, म्हणजे पाणी थांबतच नाही. अन् अंबाडीचा दोर भिजला की आखडते, म्हणून पाऊस आला की दोर ढिला करायचा. नाही केला तं तो कापडच फाडते.

कॅम्पावर पाच ताडपत्र्या होत्या. चार मी बांधत होतो. पाचवी सैपाकाची, अन् तिले हात लावाची मले मनाई! नानाजी नावाचा सैपाकी नवाच आलता, कपाळावर बुक्का, बोटाबोटाले सोवळं. तो पहिल्याच दिवशी बोलला, "ज्याच्याखाली चूल पेटते त्या कापडाले याचा हात लागला, तं मी चाललो घरी." मुकादमानं लगेच मान डोलवली. मले म्हणे, "उकंड्या, तू तिकडच्या बांध. इची मी पाहतो." नानाजी भांड्यायच्या बंडीसंग मागून यायचा, तोवर ती ताडपत्री उभी असायची.

आता मजा पाहा. सदाशिवराव ज्या ताडपत्रीखाली झोपत होता, ती मी बांधलेली. नानाजीची वळकटी तिच्याचखाली. माझ्या गाठीखाली दोघंही रात्रभर ढोरासारखे घोरत होते, तेव्हा त्यायचा धर्म कुठं चरायले जात होता कोणाले माहीत. झोपाले मी चालत होतो, जेवाले चालत नव्हतो.

अन् त्याचं बांधणं! चार बल्ल्या, चार कोपरे, वरती ताडपत्री खाटेसारखी सपाट. फेटा टेकू नये म्हणून उंची पुरुषभर. गाठ म्हणाल तं बाया पोराच्या कमरेले करदोटा बांधतात तशी. मी एक डाव सांगून पाह्यलं, "मुकादमसाहेब, एक अंग खाली घ्या, पाणी साचन." तं शिट्टी हलवत म्हणे, "तू मले शिकवून राह्यला काय बे?" मी गप बसलो. फाल्गुन महिना होता, पाण्याचं नाव नव्हतं. बिनपाण्याची कोणतीही ताडपत्री चांगलीच दिसते.

गप बसाचं कारण दुसरं होतं. अमरावतीहून मोठे साहेब येणार होते अन् बारातले दोन खलाशी कायम होणार होते. चार वर्षं मी रोजंदारीवर होतो. माझी बायको पंचफुला दोन लेकरं घेऊन गावी होती, जिथं आमाले कोणी कामाले बोलवत नव्हतं. मी कायम झालो तं तिले यवतमाळले आणता आलं असतं, लेकरं शाळेत घातली असती. अन् साहेबापुढे नावं सांगणार कोण? सदाशिवराव! म्हणून मी त्या गाढवाले चार वर्षं मुकादमसाहेब म्हणत होतो.

साहेब येणार त्या दिवशी दुपारीच नदीकडून आभाळ चढलं. वारा सुटला, थेंब आले अन् पाहता पाहता गारा, बोरायएवढ्या. मी पळालो. चारही ताडपत्र्यांचे दोर ढिले केले, वाऱ्याकडच्या खुंट्या दाबल्या. वळून पाहतो तं सदाशिवराव सैपाकाच्या ताडपत्रीखाली उभा, शिट्टी फुंकून वरडून राह्यला, "आवळा! दोर आवळा!" अन् स्वतःच आवळतही होता. जन्मात पहिल्यांदा त्यानं दोराले जोर लावला, तोही उलटा.

"ढिला करा, मुकादमसाहेब! ढिला करा!" मी बोंबललो.

"तू दूर राय! हात नको लावू!"

नाही लावला. कायले लावू? मधात गारा अन् पाणी साचून ताडपत्रीचं पोट गाभण म्हशीवाणी लोंबलं. दोर आखडले, बल्ल्या आत वाकल्या अन् कोपऱ्यापासून पार मधापर्यंत कापड टर्रकन फाटलं. चूल विझली. कणकेची परात भरून वाहिली. साहेबासाठी केलेला वांग्याचा रस्सा सांडला अन् त्या रश्श्यात मुकादमाचा फेटा. स्वतः तो ताडपत्रीखालून चार पायांवर बाहेर आला, शिट्टी दातात तशीच. सारे पळत माझ्या ताडपत्रीखाली आले. नानाजीही आला, पण दोराले अंग लागू नये म्हणून अर्धा बाहेर उभा राहून गारा खात होता. खा म्हटलं लेका, पोटभर खा.

पाणी थांबलं अन् अर्ध्या घंट्यात साहेबाची जीप आली. साहेबानं चार उभ्या ताडपत्र्या पाह्यल्या, एक फाटलेली पाह्यली, विझलेली चूल पाह्यली. भूक लागली असन, मोठ्यानं विचारलं, "ही कोणी बांधली?"

सदाशिवरावाचं तोंड पांढरं पडलं. इकडंतिकडं पाह्यलं अन् माझ्याकडं बोट केलं. "या उकंड्यानं, साहेब."

मागून झारा पडल्याचा आवाज आला. नानाजी होता. त्याचे डोळे असे झालते की मले आजही आठवलं तं हसू येते. महिनाभर आपण कोणाच्या हातच्या कापडाखाली रांधलं अन् खाल्लं, याचा तो हिशेब करून राह्यला होता. सदाशिवरावाले तेव्हा समजलं आपण काय बोललो ते. खरं बोलावं तं त्याले खुंटी ठोकता येत नाही हे उघड होणार, अन् खोट्यावर राहावं तं त्यानंच साऱ्या कॅम्पाले बाटवलं. घामानं डबडबला. तेवढी सजा त्याले जन्मात कोणी देल्ली नसन.

साहेबानं मले विचारलं, "तू बांधली?"

बाजूले लखीराम खलाशी होता, बंजारा, सरळ माणूस. तो "साहेब..." म्हणून तोंड उघडत होता. त्याले सारं माहीत होतं, बाकी दहा जणायलेही. मी नाही म्हटलं असतं तं त्यानं साक्ष देल्ली असती. पण मी नानाजीचं तोंड पाह्यलं, मुकादमाचं पाह्यलं अन् माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे. मी लखीरामाचा हात दाबला.

"हो साहेब, मीच बांधली. महिनाभर मीच बांधून राह्यलो. सारे तिच्याचखाली जेवले, मुकादमसाहेबही. कोणाले काही झालं नाही."

नानाजी ओकत नदीकडं पळाला. त्याच दिवशी गाठोडं उचलून घरी गेला. सदाशिवराव मान खाली घालून उभा होता, अन् मले वाटलं आज जिंकलो. साहेबानं वही काढली, काहीतरी लिहिलं. कायम झाले दुसरे दोघं. मले दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगतलं. सदाशिवराव पुढं जमादार झाला, पेन्शनीत गेला, बाभुळगावात पारावर बसून आपण किती कॅम्प उभे केले ते सांगत मेला.

मी घरी आलो. पंचफुला तूर पाखडत बसली होती. मी तिले सारं सांगतलं. नोकरी गेल्याचंही सांगतलं, पण हसत हसत. फेट्याचा रस्सा सांगतला, नानाजीची ओकारी सांगतली. ती हसली नाही. सूप खाली ठेवलं.

"ती ताडपत्री तुमी बांधली असती तं पडली असती काय?"

"छट! कशाची पडते?"

"मंग काहून म्हटलं तुमी बांधली म्हणून? नोकरी जाऊ द्या, उद्या दुसरी भेटन. पण त्या येड्याचं फुसकं बांधणं तुमी आपल्या नावावर घेतलं."

मी मनातच म्हटलं, बाईमाणूस आहे, तिले काय समजते त्यातलं. पण मंग मी पुसदले गेलो, दिग्रसले गेलो, पांढरकवड्याले जंगलाच्या कॅम्पावर गेलो. जिथं कामाले उभा राहीन तिथला मुकादम वरपासून खालपर्यंत पाहायचा अन् विचारायचा, "पैनगंगेवर साहेबाच्या जेवणाची ताडपत्री पाडली तो उकंडा तूच काय?"

अन् मले हो म्हणावं लागायचं.