ऐवळ्यांची हिरवी मेलोडिका

डोळा लागायला लागतो तेव्हा महिपती सुताराच्या मांडीवर पितळी पाटी आहे आणि उजव्या हाताची बोटं तिच्यावरच विसावली आहेत. वीज गेली आहे. पंखा थांबला आहे. तासगावच्या बाजारपेठेत मे महिन्याची दुपार दुकानाच्या पत्र्यावर बूड टेकून बसली आहे. समोरच्या हॉटेलात कपबश्या विसळल्याचा आवाज येतो, मग तोच आवाज दुकानाच्या आतून यायला लागतो, आणि महिपतीला त्यात काही वावगं वाटत नाही.

दुकान पेट्या दुरुस्तीचं. भजनाच्या पेट्यांवर पोट चालतं, जीव मात्र मेलोडिकांवर. तोंडानं फुंकायची, हातात मावणारी ती पेटी. नळीतून वारा गेला की आतल्या पितळी पाटीवर ओळीनं बसवलेली पातळ पाती थरथरते आणि सूर निघतो. कधीकाळी शाळांच्या बँडमध्ये, ऑर्केस्ट्रात, वरातींत त्या असायच्या. आता कुणाला नकोत. महिपतीनं त्या भंगारातून, जत्रेतून, बंद पडलेल्या शाळांच्या कपाटांतून गोळा करून एक आख्खी भिंत भरली आहे. कुठली जपानी, कुठली इटलीची, कुठली मागाहून जोडलेली, हे तो नुसती हातात तोलून सांगतो.

टेबलावर पोट उघडं टाकून पडली आहे ती जुनी जर्मन, हिरव्या अंगाची. पियानोसारख्या पट्ट्या नाहीत. एका अंगाला पांढरी बटणं, दुसऱ्या अंगाला काळी. असलीच एक महिपतीच्या भिंतीवर आहे, वर ओरखडासुद्धा नाही, पण आतल्या पात्या कळकून गेलेल्या. त्यानं तिथं इकडच्या तिकडच्या पात्या ठोकून वेळ मारून नेली आहे, आणि तेवढं एक त्याला रात्रंदिवस सलतं.

टेबलावरची धोंडीराम ऐवळ्याची. धोंडीरामनं ती उभा जन्म वरातीत वाजवली आणि दिवाळी सरल्यावर छातीच्या दुखण्यानं तो गेला. महिपतीनं ती त्याच्याकडं किती वेळा मागितली असेल. दर वेळी धोंडीरामनं चार माणसांत त्याची उतरवली. पेट्या तुझ्याकडं भिंतभर हायत सुतारा, छाती कुठं हाय, असं म्हणायचा, आणि हॉटेल हसायचं.

आज सकाळी त्याची मुलगी मंदाच ती घेऊन आली. परवा कवठ्याला वरात आहे. बापाच्या जागी ती उभी राहणार. बँड चालवणाऱ्या चुलत्यांनी कुरकुरत तिला एक वरात दिली आहे, एकच. सूर सांडला तर दुसरा माणूस बघणार, असं तोंडावर सांगून. महिपतीनं पेटी उघडली, सूर मोजायच्या यंत्रावर एकेक सूर लावून पाहिला आणि मान हलवली. सगळे सूर चढलेत म्हणाला, तुझ्या बापानं कानस मारून मारून पाटी खराब केली, ही काढून दुसरी बसवावी लागेल. मंदा म्हणाली, अण्णा, तुम्हाला कळतंय ते करा, संध्याकाळी येते.

दुसरी म्हणजे भिंतीवरच्या हिरवीतली ठोकाठोकीची. आणि धोंडीरामची पाटी, जर्मन शिक्क्याची, एकूण एक मूळ पाती शाबूत असलेली, ती आता महिपतीच्या मांडीवर आहे.

अर्ध्यावर ओढलेल्या शटरखालून कुणीतरी वाकून आत येतं.

लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पायात काही नाही. धोंडीराम गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसतो, कोटाची वरची गुंडी काढतो आणि दुकानभर नजर फिरवतो, जसा घरमालक भाडेकरूच्या खोलीत फिरवतो.

"तू मेलास ना?" महिपती विचारतो.

"मग? तुझ्या दुकानात यायला जिता असावं लागतं व्हय?"

महिपतीला उठायचं आहे, पण मांडीवरची पाटी जड झाली आहे, जात्याच्या तळीएवढी. तो तिच्यावर हात आडवा धरतो. धोंडीरामला ते दिसतं. बायको मांडीवर घेतल्यागत घेऊन बसलाईस की, असं म्हणून तो हसतो, आणि त्या हसण्यात खोकला नाही. जिवंतपणी असायचा.

महिपती त्याला सुनावतो. म्हणतो, मेल्यावर तरी अक्कल येईल वाटलं होतं. असली वस्तू तू घामात घातलीस, धुरळ्यात घातलीस, आत थुंकीचा थर साचवलास. एकेका पातीचं टोक खरवडून ठेवलंस. जर्मनीत ज्यानं ती घडवली त्यानं बघितली असती तर तुझे हात तोडले असते.

"सगळ्या पात्या चढल्यात का दोन-चार?" धोंडीराम विचारतो.

"सगळ्या."

"सारख्या का कमीजास्त?"

महिपती भिंतीकडं बघतो. भिंतीवरच्या मेलोडिका श्वास घ्यायला लागल्या आहेत. कुणी फुंकत नाही, तरी त्यांच्या नळ्या हलताहेत, आत-बाहेर, आत-बाहेर, आणि भिंत पोटासारखी फुगते आहे. ती फुगता फुगता डांबरी रस्ता होते.

रस्ता कवठ्याचा असावा. डांबर मऊ झालं आहे, चपला चिकटताहेत. पुढं भोंग्यांची गाडी, मागं बिगुलवाले, त्यांच्या मागं माणसंच माणसं, आणि कुणाच्याच पायाखाली सावली नाही. घोड्यावर नवरा नाही. तिथं महिपतीचं सूर मोजायचं यंत्र बसलं आहे, फेटा बांधून, मुंडावळ्या लावून, आणि त्याचा काटा मधोमध ताठ उभा आहे. महिपतीच्या हातात हिरवी मेलोडिका आहे. तिच्यात ठोकाठोकीची पाटी बसवलेली आहे, हे त्याला न उघडताही ठाऊक आहे.

"वाजीव," धोंडीराम कानाशी म्हणतो. "तुझ्या यंत्राच्या सुरात. काटा बघ कसा सरळ हाय."

महिपती फुंकतो. त्यानं आयुष्यात चार माणसांत कधी फुंकलेलं नाही. बिगुल उन्हानं तापून वर चढलेत, गल्लीगणिक थोडे आणखी वर, आणि त्याची मेलोडिका त्यांच्या खाली लोंबते आहे, ओल्या धोतरासारखी. बायका तोंडाला पदर लावतात. कोण रडतंय रे वरातीत, असं कुणीतरी विचारतं. बिगुलवाले मागं वळून बघतात. सगळ्यांचे चेहरे मंदाच्या चुलत्यांचे. कुणीही रागावलेलं नाही. ते फक्त एकमेकांना खूण करतात की झालं, आता दुसरा माणूस बघू.

"हे तिच्या वाट्याला येनार," धोंडीराम म्हणतो. "परवा. तू हितं सावलीत बसनार."

महिपती म्हणतो, मला काय माहीत, मी कुठं वरातीत वाजवलंय. ऊन लागलं की बिगुल चढतात हे वाजवणाऱ्यानं सांगावं. धोंडीराम त्याचं बोलणं संपू देतो. मग म्हणतो, "त्या मी तापल्या बिगुलाला जुळवून घासल्यात. वंगाळ हात इतका सारखा चालत न्हाय. हे तुला पेटी उघडल्या उघडल्या दिसलं. मंदी समूर हुभी व्हती. खोटं बोल म्हंजे मी हसंन."

महिपती खोटं बोलत नाही. खरंही बोलत नाही. घोड्यावरच्या यंत्राचा काटा पडतो.

आता ऊन नाही. पांढऱ्या खाटा आहेत, ओळीनं, दवाखान्यातल्या, पण भिंती दुकानाच्याच आहेत आणि प्रत्येक खाटेवर चादरीखाली एकेक मेलोडिका निजवली आहे. नळ्या तेवढ्या चादरीबाहेर. धोंडीराम शेवटच्या खाटेवर बसला आहे, लाल कोट तसाच, नाकात नळी. पाटी आता त्याच्या मांडीवर आहे. ती तिकडं कशी गेली हे महिपतीला कळत नाही.

धोंडीराम त्याच्याकडं न बघता सांगतो. शेवटी शेवटी वारा पुरायचा नाही. पाण्याचा घोट गिळायला थांबावं लागायचं. मग मंदा उशाशी बसायची, नळी ती तोंडात धरायची, ती फुंकायची आणि बटणं हा दाबायचा. उष्टी नळी, बापाच्या थुंकीची. पोरीनं कधी तोंड वाकडं केलं नाही. असं दोघांनी मिळून आख्ख्या वराती वाजवल्या, पडल्या पडल्या. पुढं पुढं बोटंही तीच फिरवायला लागली आणि हा नुसता ऐकायचा.

महिपतीला यावर काहीतरी बरं बोलायचं असतं. तोंडातून निघतं ते वेगळंच. "मरताना मला द्यायची होतीस. मी जपली असती. ती पोरगी दोन वर्षांत भंगारात घालील."

"घालंना. वाजवून घालंल."

"माझ्या भिंतीवर शंभर वर्षं राहिली असती."

"तुझ्या भिंतीवर मढी हायत, सुतारा," धोंडीराम म्हणतो. आवाज चढवत नाही. "आता मला वळख हाय मढ्यांची. ही अजून जिती हाय. ही हितं निजवू नगंस."

महिपतीच्या डोळ्यांसमोर सगळ्या हॉटेलातली हसणी एकदम उभी राहतात, इतक्या वर्षांची. तो खाटेकडं झेपावतो आणि पाटीला हात घालतो. धोंडीरामची पकड ओली आणि गार आहे, विहिरीच्या दोरासारखी. एकीकडून हा ओढतो, एकीकडून तो. महिपती शिव्या देतो, त्याच्या बापाच्या नावानं, बँडच्या नावानं, त्या लाल कोटाच्या नावानं. धोंडीराम पकड सोडत नाही. खाटांवरच्या चादरी एकदम वर फुगतात. महिपती बोटं पात्यांमध्ये रुतवून सगळ्या अंगाचा भार मागं टाकतो.

"घे की मग," धोंडीराम म्हणतो आणि हात सोडतो.

काहीतरी तट्‌कन तुटतं.

पंखा फिरतो आहे. वीज कधी आली कुणास ठाऊक. महिपती खुर्चीत मागं रेलला आहे, मान अवघडली आहे, सदरा पाठीला चिकटला आहे. पाटी मांडीवरून घसरून दोन गुडघ्यांच्या मध्ये अडकली आहे. ती मुळीच जड नाही. समोर हॉटेलात संध्याकाळची भजी पडली आहेत, त्यांचा वास येतो.

तो पाटी उचलून उजेडात धरतो. ओळीत एक फट आहे. वरच्या बाजूची एक पाती मुळापासून गेली आहे, रिव्हेट तेवढं उरलं आहे. जर्मन शिक्क्याची, एकूण एक मूळ पाती शाबूत असलेली पाटी आता कुणाच्याच भिंतीवर लावण्याजोगी राहिलेली नाही.

त्याची उजवी मूठ मिटलेली आहे. ती उघडायला त्याला डाव्या हाताची मदत घ्यावी लागते. पाती तळव्यात आडवी रुतली आहे, कडेनं रक्ताची बारीक रेघ.

"अण्णा, जागं हाय का?" शटरखालून मंदा वाकून आत येते. उन्हातून चालत आल्यानं तिचा चेहरा लाल आहे. तिची नजर आधी टेबलावर जाते, उघड्या पेटीवर, मग त्याच्यावर. "झाली न्हाय व्हय अजून?"

महिपती मूठ पुन्हा मिटतो. आता तर सांगणं आणखी सोपं आहे. जुनी होती, हात लावल्याबरोबर तुटली, बघ मी म्हटलंच होतं. आणि कुणी त्याला खोटं पाडणार नाही, ज्यानं पाडलं असतं तो दिवाळीनंतर गेला. वाक्य जिभेवर तयार आहे. मंदा स्टुलावर बसते, पदरानं गळा पुसते आणि वाट बघते.

"मेला तरी पिच्छा सोडत नाही," महिपती पुटपुटतो.

"कोन?"

तो हात तिच्यापुढं धरतो आणि मूठ उघडतो. पाती तशीच तळव्यात आहे, आणि दिव्याच्या उजेडात तिच्या टोकावर कानशीचे ओरखडे दिसताहेत, बारीक, एकसारखे, एका माणसाच्या सावकाश हातानं ओढलेले.

"ही माझ्या हातून मोडली," तो म्हणतो. "हिच्या जागी दुसरी बसवून देतो, तुझ्यासमोर. बाकीच्यांना हात लावणार नाही. त्या बरोबर आहेत. सकाळी आल्या तेव्हाही बरोबर होत्या."