आधी लाडकी शेळी

ताडकळसकडं आमच्या शेजारी शेळ्या राखणारी एक मावशी होती. पोलीस ॲक्शनच्या साली तिनं कापलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात कळप सोडला. फुटवा विषारी निघाला, निम्म्या शेळ्या तडफडून मेल्या. बाया म्हणाल्या, दृष्ट लागली. ती म्हणायची, "दृष्ट-बिष्ट काय न्हाई. म्याच चारलं, म्याच मारलं."

तेव्हापासून कुठल्याही रानात ती आधी एकच शेळी सोडायची, लेकीसारखी वाढवलेली. बाकीचा कळप अडवून, काठी छातीशी धरून तिच्याकडं बघत राहायची. बांधावर माझाही जीव टांगणीला लागायचा.

एकदा न राहवून म्हणालो, "लाडकीच का गं, मावशी? दुसरी सोड की."

मान न वळवता ती म्हणाली, "दुसरी सोडली तर माझं ध्यान हलंल, बाबा. हिच्यावरून हलत न्हाई."