सासऱ्यांच्या खिशात काय होतं?

मंडळी, आज मी सासऱ्यांवर चोरीचा संशय घेतला.

वॉटफर्डहून बाबांना घेऊन उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिमच्या किनाऱ्यावरचे जुने किल्ले बघायला आलेय. सकाळी समुद्राकडच्या पडक्या बुरुजापाशी बाबा दोन-तीनदा वाकले आणि त्यांनी काहीतरी खिशात टाकलं. दारातच पाटी होती, इथले दगड नेऊ नका. आणि बाबा म्हणजे प्रत्येक गडावरून दगड आणणारे. पुण्याच्या घरात एक अख्खी फळी भरलीय.

मी तासभर त्यांच्या खिशाकडेच बघत होते. शेवटी गाडीपाशी विचारलंच, "बाबा, खिशात काय आहे?"

"अगं, सासऱ्याची झडती घेतेस?" त्यांनी खिसा उलटा केला. चॉकलेटचे कागद आणि बाटल्यांची झाकणं. "गडावर कचरा दिसला की उचलतो मी."

मी माफी मागितली. ते हसले, मग सहज म्हणाले, "राजगडावरचा दगड तूच पिशवीत ठेवला होतास. तेव्हा नाही विचारलंस काही."

तेव्हापासून विचार करतेय. मला त्या किल्ल्याची काळजी होती, की इथले लोक आपल्याला काय म्हणतील याची? खरं सांगा, तुम्ही विचारलं असतंत?