शुक्रवारचा केवान

अमेरिकेतल्या चँडलरमधली मराठी माणसं मनुचेहरला मनूकाका म्हणत, आणि तो खुशाल त्या हाकेला ओ देई. चौऱ्याहत्तर ते अठ्ठ्याहत्तर अशी चार वर्षं त्याने पुण्यात बी.कॉम. केलं होतं, म्हणजे तीन वर्षं बी.कॉम. आणि एक वर्ष नापास. तेव्हा पुण्याच्या कॉलेजांत इराणी पोरं पैशाला पासरी मिळत. पदवीचा त्याला जन्मात उपयोग झाला नाही, पण घरमालकिणीकडून उचललेलं मराठी मात्र टिकलं. एखाद्या इंजिनिअरच्या पँटचं माप घेताना तो ठणकावून सांगे, "पोट आत ओढू नका, टेपला खोटं चालत नाही." गडी हसून श्वास सोडायचा आणि कंबर दोन इंच वाढायची.

बाप इराणात, यझ्दमध्ये शिंपी. पोराने सुई धरू नये म्हणून बापाने पोटाला चिमटा काढून त्याला पुण्याला धाडलं, आणि पोराने सात समुद्र ओलांडून काय केलं, तर ॲरिझोनात येऊन कपडे दुरुस्तीचं दुकान थाटलं. नशीब म्हणतात ते हेच. पण त्याचं एकट्याचं कशाला रडायचं? आसपासची सगळीच इराणी मंडळी अशी उलटीपालटी झालेली. तेहरानचा न्यायाधीश पिझ्झा भाजत होता, शहाच्या फौजेतला कर्नल विमानतळावर टॅक्सी हाकत होता. दोघेजण मात्र पुन्हा परीक्षा देऊन डॉक्टरचे डॉक्टरच राहिले होते, आणि बाकीचे त्यांच्याकडे औषधाला जात व माघारी त्यांना नावं ठेवत. न्यूयॉर्कचे मनोरे पडल्यावर हे सगळे आठवड्याभरात इराणीचे पर्शियन झाले. मनुचेहरने दुकानाच्या काचेला अमेरिकेचा झेंडा चिकटवला आणि कुणी गाव विचारलं तर यझ्द म्हणून सांगू लागला. यझ्द कुठे आहे हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसे, त्यामुळे विषय तिथेच मिटायचा.

या लोकांची एक रीत आहे. परमुलखात राहणाऱ्या माणसाला फोनवर वाईट बातमी द्यायची नाही. बिचारं एकटं आहे, ऐकून कोसळलं तर कोण सावरणार? म्हणून मेलेलं माणूस फोनवर झोपलेलं असतं, अंघोळीला गेलेलं असतं, मशहदच्या यात्रेला गेलेलं असतं. बातमी द्यायची ती त्या माणसाच्या जवळच्या कुणाला तरी, आणि म्हणायचं, योग्य वेळ बघून तूच सांग. ही योग्य वेळ आजवर कुणाला सापडली असेल तर देव जाणे.

मनुचेहर आणि सुदाबे या नवराबायकोला एकच मुलगा होता, केवान. दोन वर्षांचा असताना त्याला घेऊन दोघं इराणातून बाहेर पडली. तोवर पोर वाढलं ते सुदाबेच्या आईच्या मांडीवर. तिला घरदार बीबी म्हणे. पुढे बीबीचा आणि नातवाचा संबंध उरला तो शुक्रवारच्या फोनपुरता. तिकडे सुट्टीचा दिवस, इकडे सकाळचे आठ. दोन हजार दोनच्या ऑगस्टमध्ये केवान टूसॉनच्या विद्यापीठातून घरी यायला निघाला. वाटेत धुळीचं वादळ उठलं, पुढचा ट्रक दिसला नाही. वीस वर्षांचा होता.

दफन झालं, पन्नास घरांतून जेवणाची पातेली आली, आणि पुढच्या शुक्रवारी सुदाबेने नेहमीसारखा फोन लावला. बीबीचं हृदय कमजोर होतं. बीबीने विचारलं, माझा केवान कसा आहे? सुदाबे म्हणाली, बरा आहे, बीबी, तुझे हात चुंबतोय. मनुचेहर समोर बसला होता. त्याने तिला अडवलं नाही. म्हातारीला कशाला मारायचं?

दोनतीन महिन्यांत बीबीचे कान गेले. मग फोनवर सुदाबेची धाकटी बहीण नाहीद असायची. ती म्हणे, बीबी माझ्या शेजारीच बसली आहे, विचारतेय, केवान नीट जेवतो ना? सुदाबे सांगे, सांग तिला, जेवतो, पण भात कमी झालाय. घरात एरवी केवानचं नाव निघत नसे. त्याच्या खोलीचं दार लावलेलं असे. सोमवार ते गुरुवार दोघं विजेच्या बिलावर, गॅरेजच्या दारावर, गुडघेदुखीवर बोलत. शुक्रवारी आठ वाजता मात्र केवान घरात यायचा आणि अर्धा तास राहून जायचा.

दोन हजार पाचच्या जानेवारीत दुकानात फोन वाजला. नाहीदचा नवरा बोलत होता. बीबी गेली, झोपेतच गेली. सुदाबेला तूच सांग, योग्य वेळ बघून.

मनुचेहर त्या दिवशी घरी गेला तो सांगायचं ठरवूनच. सुदाबे मटार सोलत बसली होती. आपणहून म्हणाली, शुक्रवारी बीबीला सांगायचंय, केवानचं शिक्षण संपलं, आता नोकरी बघतोय. किती दिवसांनी तिचा चेहरा हलका झाला होता.  बीबी नाही असं सांगायचं, तर मग हे सांगायचं कुणाला? फोनच थांबला तर केवान कुठे राहील? त्याने हात धुतले आणि मटार सोलायला बसला. आज सांगू, उद्या सांगू करता करता तीन वर्षं गेली, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला हा माणूस दर शुक्रवारी एक मेलेली आजी आणि एक मेलेला नातू एकमेकांची खुशाली विचारताना ऐकत राहिला.

आणि केवान वाढत होता, हे त्यातलं सगळ्यात भयंकर. त्याला नोकरी लागली. त्याने गाडी घेतली. एकदा नाहीद म्हणाली, बीबी विचारतेय, लग्नाचं काय? सुदाबे म्हणाली, एक मुलगी आहे, शिराझकडची, डोळे फार सुंदर आहेत. मनुचेहर उठून गॅरेजमध्ये गेला आणि तिथे उगाच उभा राहिला. मग एके दिवशी दुकानात त्याचं त्यालाच भान आलं. कुणी न नेलेला एक कोट तो खांद्यांत सैल करत बसला होता. कुणी सांगितलं नव्हतं. पंचविशीत पोराचे खांदे भरतात, असा हिशेब हातांनी परस्पर केला होता.  कोट त्याने गाठोड्यात कोंबला आणि शटर ओढून घरी निघून गेला.

दोन हजार सातच्या शेवटी सुदाबेला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, सगळे कागद हाती आले, आणि तिने नवऱ्याला न विचारता मार्चचं तिकीट काढलं. नवरोजला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, यझ्दला. इतकी वर्षं ती जायचं नाव काढत नव्हती, का ते दोघांनाही माहीत होतं. आता म्हणाली, बीबी ऐंशीची झाली. मी तिच्यासमोर बसून केवानचं सांगणार आहे. तिच्या पदरात डोकं घालून एकदा रडणार आहे. फोनवर खोटं बोलून बोलून मी थकले. ते नाहीदच्या तोंडून नको, बीबीच्या स्वतःच्या कानांनी ऐकलं पाहिजे, म्हणून तिने कानाचं यंत्रही घेतलं, भारीतलं, आणि त्याच्या बॅटऱ्यांची चार पाकिटं.

आता आली का पंचाईत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सांगावं तर हिचा शुक्रवार मोडतो. न सांगावं तर ही बाई कानाचं यंत्र घेऊन तीन वर्षांच्या जुन्या कबरीपाशी जाऊन उभी राहते.

तिकीट चार आठवड्यांवर आलं, मग दोनवर. त्याच सुमारास शरयू ब्लाउज सैल करून घ्यायला दुकानात आली. मूळची नागपूरची, इथे चिपच्या कंपनीत कामाला, आणि केवान गेला तेव्हा पातेलं घेऊन आलेल्यांतली एक. काकांनी दुसऱ्यांदा उलट्या बाजूने शिवण घातलेली पाहून तिने विचारलं, काय झालंय? मनुचेहरने आपल्या मोडक्या मराठीत सगळं ओतलं. आपल्या इराणी माणसांत बोलायची सोय नव्हती, कारण निम्म्यांना बीबी गेल्याचं माहीत होतं आणि सगळे म्हणत, सांगू नकोस, विमानतळावर नाहीद बघून घेईल.

शरयूने हातातला ब्लाउज खाली ठेवला. "काका, माझे बाबा गेले तेव्हा मला फोन आला, सीरियस आहेत, निघून ये. मी अख्खा प्रवास नवस बोलत गेले. एकवीस मंगळवार धरले, सोन्याचं बेलपान कबूल केलं. पोचले तेव्हा अस्थीसुद्धा गोळा करून झाल्या होत्या. भावाने माझ्या भल्यासाठीच केलं म्हणतात. मी त्याच्याशी अजून धड बोलत नाही." मग ब्लाउजचं राहू दे म्हणाली आणि गेली. 

गुरुवारी सकाळी त्याने दुकानातून नाहीदला फोन लावला. म्हणाला, उद्या मी सुदाबेला बीबीचं सांगणार. पण त्याआधी तुला एक सांगायला हवं, केवानबद्दल. पुढचं तो बोलायच्या आतच तिकडून नाहीद हळूच म्हणाली, "आम्हाला माहीत आहे."

मग तिने सांगितलं. त्या टॅक्सीवाल्या कर्नलची बहीण यझ्दमध्ये दोन गल्ल्या सोडून राहते. केवानला चाळीस दिवस व्हायच्या आत ती सांत्वनाला आली होती. बीबीने तिला चहा दिला, दारापर्यंत पोचवलं, आणि मग दोन दिवस तोंडात पाणी घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी घरच्यांना बसवून सांगितलं, मला कळलंय हे सुदाबेला कळू द्यायचं नाही. ती इथे त्याचं नाव घेते. तिथे कुणापाशी घेणार? तिला बोलू द्या.

"आणि बीबी बहिरी झाली नव्हती," नाहीद म्हणाली. "केवान जेवतो का हे विचारताना तिला आवाज धरवेना. म्हणून तिने बहिरेपणाचं सोंग घेतलं. माझ्या शेजारी बसून ती शब्द न् शब्द ऐकायची. जाताना मला म्हणाली, पोराचं विचारायचं थांबवू नकोस."

मनुचेहरने फोन ठेवला. मग दुकानाच्या दाराला 'बंद' ची पाटी लावून तो आत इस्त्रीच्या टेबलाशी बसून राहिला. तीन वर्षं आपण एकटेच ओझं वाहतोय असं त्याला वाटत होतं. यझ्दमध्ये एक म्हातारी ते त्याच्या आधीपासून वाहत होती, आणि त्याला पत्ता नव्हता.

शुक्रवारी साडेसातला सुदाबे चहा घेऊन टेबलाशी आली. बॅग कोपऱ्यात भरून तयार होती. मनुचेहरने तिचा हात धरला आणि आडवळण न घेता सांगितलं, बीबी गेली. आत्ता नाही, तीन वर्षं झाली.

ती रडली नाही. कपाळाला आठ्या घालून काहीतरी जुळवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे केवानला नोकरी लागल्याचं तिला कळलंच नाही."

मनुचेहरला वाटलं, आपलंही डोकं फिरणार. त्याने तिचे दोन्ही हात घट्ट धरले आणि उरलेलंही सांगितलं, कर्नलच्या बहिणीचं, चहाचं, न गेलेल्या कानांचं. तो सांगत गेला तशा तिच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सुटत गेल्या. "माहीत होतं तिला?" सुदाबे म्हणाली. "भात कमी झालाय, असं मी सांगत होते, ते ती ऐकत होती?" हो, तो म्हणाला. सगळं ऐकत होती.

आठ वाजले. सुदाबेने फोन ओढला, कार्डावरचा नंबर फिरवला आणि स्पीकर लावला. नाहीदने उचलला. हिला कळलंय की नाही, याचा तिला अंदाज येईना. म्हणून ती सवयीचंच बोलली. "बीबी विचारतेय, केवान कसा आहे?"

 सुदाबेने फोन मनुचेहरपुढे सरकवला. "तू सांग," ती म्हणाली. "मला नाही जमत."

हे वाक्य त्याने इंग्रजीत कितीदा म्हटलं होतं, पोलिसांपाशी, विमा कंपनीपाशी, विद्यापीठाच्या खिडकीपाशी. शरयूला मराठीत सांगितलं होतं. इथल्या आपल्या माणसांना सांगायची वेळ आली नव्हती, ती आधीच दारात पातेली घेऊन उभी होती. स्वतःच्या भाषेत, केवानला ज्या भाषेत अंगाई म्हटली तिच्यात, ते त्याच्या तोंडून एकदाही गेलं नव्हतं.

"नाहीद," तो म्हणाला, "केवान गेला. आमचा केवान मेला."

नाहीदला साडेपाच वर्षं ते माहीत होतं. तरी तिकडे यझ्दमध्ये तिने असा हंबरडा फोडला, की जणू तिला ते आत्ता या घटकेला कळलं असावं. सुदाबेने टेबलावर डोकं टेकलं. आणि मनुचेहरलाही ते तेव्हाच कळलं.